मैदानात शिकवलेली इंग्रजी

वाटूरच्या शाळेतले इंग्रजीचे सर १९८८ च्या जूनमध्ये बदली करून घेऊन निघून गेले आणि मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांपुढे मोठाच पेच पडला. दहावीचा वर्ग समोर बसलेला, आणि नवा शिक्षक वरून कधी येईल याचा काही भरवसा नाही. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. गणिताचे भुजंग सर खिडकीबाहेर अशा काही एकाग्रतेने पाहू लागले की तिकडून जणू एखाद्याची वरातच चालली असावी. मराठीच्या सरांना नेमका तेव्हाच खोकला लागला. राहता राहिले सर्जेराव, खेळाचे सर. ते बिचारे व्हॉलीबॉलची फाटकी जाळी मांडीवर घेऊन सुतळीने सांधत बसले होते, त्यामुळे नजर चुकवायचं त्यांना सुचलंच नाही.

"तुम्ही बीए आहात ना?" बद्रीनाथ सरांनी विचारलं. सर्जेराव हो म्हणाले आणि अडकले.

सर्जेराव मूळचे आष्टीचे. घरची शेती, अंगात कुस्ती, आणि शिक्षणाची जेमतेम आवड. बीएला इंग्रजी हा विषय त्यांनी कसाबसा ढकलला होता आणि पुन्हा त्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून खेळाच्या शिक्षणाकडे वळले होते. १९८१ साली ते या शाळेत लागले. तेव्हापासून त्यांचं काम ठरलेलं. प्रार्थनेला रांगा लावायच्या, पंधरा ऑगस्टला संचलन करून घ्यायचं, स्नेहसंमेलनात बाकडी इकडून तिकडे हलवून घ्यायची, आणि एखादं पोरगं कोणालाच आवरेना की त्याला त्यांच्यासमोर उभं करायचं. पोरांचे बाप शाळेत येत, गणिताचं विचारत, शास्त्राचं विचारत. सर्जेरावांना फक्त रामराम घालत. याचं त्यांना वाईट वाटे, पण बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

इंग्रजी त्यांच्याकडे गेल्याची बातमी संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या कडूबाच्या हॉटेलात पोचली. तिथे कारभारी नावाचे एक शेतकरी बसले होते. त्यांची पोरगी शिवकन्या याच दहावीत होती. थोरला मुलगा इंग्रजीत दोनदा आपटून शेतात आला होता, त्यामुळे कारभारींचा नियम साधा होता. पोरगी इंग्रजीत पास झाली तर परतूरच्या कॉलेजात जाईल, नाही तर घरी बसेल. त्यांनी सर्जेरावांना चहा पाजला आणि वर तोंडावर सांगितलं, "सर, राग मानू नका. तुम्ही कवायत लई बराबर घेता. पर इंग्रजी तुम्ही शिकवनार आसाल तर पोरीला आत्ताच घरी बसवावं का काय, इचार करून राह्यलो मी."

सर्जेराव हसले. हसण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पण रस्ताभर ते शब्द त्यांच्या कानात राहिले. त्या पोरीचं पुढचं सगळं आता आपल्या इंग्रजीवर येऊन ठेपलंय, आणि आपली इंग्रजी आपल्यालाच माहीत आहे, या विचाराने त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पहिला धडा काढला तर त्यात क्रिया सुरू करण्याची आणि थांबवण्याची वाक्यं. सर्जेरावांनी फळ्यावर 'स्टार्ट वॉकिंग' लिहिलं, त्याखाली 'स्टॉप वॉकिंग' लिहिलं, आणि मागे वळून पाहिलं. वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि पुढचं काही येतंय का म्हणून तो वाट पाहत होता. त्यांना स्वतःलाही पुढचं काही येत नव्हतं. चालायला लाग, चालायचं थांब, एवढा अर्थ त्यांनी सांगितला. पोरांनी माना हलवल्या. एका पोराला उठवून स्वयंपाक करायला लाग हे इंग्रजीत कसं म्हणशील असं विचारलं, तर तो छताकडे पाहत राहिला. शिवकन्याकडे पाहिलं तर तिने मान खाली घातली.

तेवढ्यात बाहेर फाट्यावर एसटी थांबली. शाळेच्या खिडकीतून ती दिसायची, आणि एसटी आली की सगळा वर्ग तिकडे पाहायचा, मग आत कोणीही शिकवत असो. उतरणारे उतरले, चढणारे चढले, आणि कंडक्टरने दोनदा घंटी मारली. "निघाली," मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे त्या वर्गात एकाही पोराला कोणी शिकवलं नव्हतं आणि एकही पोर ते विसरणार नव्हतं.

सर्जेरावांनी खडू खाली ठेवला आणि सगळ्यांना मैदानात काढलं.

मैदान म्हणजे त्यांचं राज्य. तिथे त्यांचा आवाज आपोआप मोठा होई. त्यांनी पोरापोरींची एक लांबलचक एसटी केली आणि सांगितलं, दोन शिट्ट्या वाजल्या की चालायचं आणि मोठ्याने म्हणायचं, 'वुई स्टार्टेड वॉकिंग'. एक वाजली की जागच्या जागी थांबायचं आणि म्हणायचं, 'वुई स्टॉप्ड वॉकिंग'. पहिल्यांदा पोरी लाजल्या, पोरं एकमेकांच्या टाचांवर चढली. थोड्या वेळाने सगळी एसटी आरडाओरडा करत मैदानाला फेऱ्या घालायला लागली. मग चालणं झालं, पळणं झालं, हसणं झालं. शिट्टीवर हसायला लागायचं आणि शिट्टीवर बंद करायचं. हसणं बंद करणं कोणालाच जमेना, तेव्हा सर्जेराव स्वतःच हसत खाली बसले.

पुढे पुढे त्यात शाळेच्या बागेचं काम आलं. दोन शिट्ट्या की खणायला लागायचं, एक की थांबायचं, आणि तोंडाने प्रत्येक वेळी इंग्रजी. बाग खणून झाली, झाडांभोवती आळी करून झाली, पाणी घालून झालं. भुजंग सर म्हणाले की या इंग्रजीने मुलं शिकोत न शिकोत, वांगी मात्र चांगली येतील. फाट्यावरचा कडूबा उकळी आली की गिऱ्हाइकांना 'टी स्टार्टेड बॉयलिंग' ऐकवायला लागला. सर्जेरावांच्या घरी दुर्गाबाईंनीही ऐकून ऐकून उचललं. नवरा ताटावर बसून शाळेच्याच गोष्टी लावायचा तेव्हा त्या शांतपणे म्हणायच्या, "स्टॉप टॉकिंग. स्टार्ट ईटिंग." सर्जेराव मुकाट्याने भाकरी मोडायचे. त्या दिवसांत त्यांना शाळेत जायची घाई होऊ लागली. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सगळं छान चाललं होतं, म्हणून तर सहामाहीने त्यांना असं पाडलं.

पेपर तपासायला घेतले आणि सर्जेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. जी वाक्यं पोरं मैदानात घसा फोडून म्हणत होती, त्या जागा कागदावर कोऱ्या. शिवकन्याचाही तो प्रश्न कोरा. त्यांनी तिला बोलावून विचारलं की, बाई, परवा तर तू सगळ्यात पुढे होतीस, मग झालं काय. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली.

"सर, येतंय सगळं," ती म्हणाली. "पर शिट्टी वाजल्याबिगर आठवतच न्हाई. मी लई वाट बघितली."

यात तिची काहीच चूक नव्हती. सर्जेरावांनी पोरांना इंग्रजी शिकवली होती, पण ती शिट्टीला बांधून ठेवली होती. बोर्डाच्या परीक्षेत शिट्टी कोण वाजवणार? बद्रीनाथ सरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की आता हा खेळ पुरे, सरळ उत्तरं लिहून द्या आणि पाठ करून घ्या, दहावीचं वर्ष आहे. त्यांचं काही चुकत नव्हतं. सर्जेरावांनी तसंच केलं. फळ्यावर उत्तरं लिहिली, पोरांनी उतरवून घेतली. थोड्याच दिवसांत वर्ग पुन्हा पहिल्यासारखा मुका झाला, आणि एसटी आली की सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. सर्जेरावांनाही पाहावंसं वाटे.

एका दुपारी सव्वीस जानेवारीच्या लेझमीची तालीम चालली होती. नवी पोरं होती म्हणून सर्जेराव सवयीने सांगत होते की आता आकडे मोठ्याने म्हणू नका, ओठ मिटा, आकडे मनात मोजा, हात आपोआप चालतील. शिवकन्या पुढच्या रांगेत होती. ती लेझीम खाली करून तशीच उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "इंग्रजीचंबी आसंच करू की."

पहिल्या दिवसापासून पोरांना सर्जेराव लेझीम अशीच शिकवत आले होते. आधी तोंडाने मोठ्याने, मग हळू, मग मनात. ही गोष्ट इंग्रजीला लावायची हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण इंग्रजी म्हणजे काहीतरी निराळंच, आपल्या पलीकडचं, अशी त्यांची लहानपणापासून समजूत होती. त्या दिवशी ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग पुन्हा सुरू झाला, पण बाकांवर. आधी शिट्टीऐवजी टेबलावर डस्टरचे ठोके, दोन आणि एक. मग डस्टरही नाही, प्रत्येकाने आपल्या बाकावर बोटाने ठोके द्यायचे आणि वाक्य पुटपुटायचं. मग पुटपुटायचंही नाही, ठोके द्यायचे आणि लिहायचं. बोटं कधी बंद करायची तो शेवटचा टप्पा फेब्रुवारीत घ्यायचा असं सर्जेरावांनी ठरवलं होतं. फेब्रुवारीत शाळेची तपासणी आली, मग आणखी काहीतरी आलं, आणि तो टप्पा तसाच राहून गेला. पोरं लिहीत होती, उत्तरं बरोबर येत होती, त्यामुळे सर्जेरावांना त्याची फिकीर वाटली नाही. ती वाटायला हवी होती.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. केंद्र तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेत होतं. इंग्रजीच्या पेपरला सर्जेराव सकाळीच जाऊन फाटकाबाहेर लिंबाखाली बसले. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला आणि केंद्राचा शिपाई बाहेर आला. वाटूरच्या शाळेचं कोणी आहे का, म्हणून विचारायला लागला. सर्जेराव उठले. ज्या विषयाचा पेपर असेल त्या विषयाच्या शिक्षकाला आत घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून शिपायाने विचारलं, कोणत्या विषयाचे? सर्जेरावांनी क्षणभर विचार केला. कागदोपत्री जे होतं तेच खरं, म्हणून म्हणाले, खेळाचा. शिपायाने त्यांना आत घेतलं.

केंद्रसंचालक बाईंच्या खोलीत शिवकन्या उभी होती. तिची उत्तरपत्रिका टेबलावर पडलेली. पर्यवेक्षक सांगत होते की ही मुलगी बाकावर बोटाने कधी एक, कधी दोन ठोके देते, मागचा मुलगा तसेच देतो, त्याच्या मागचाही. एकच शाळा, एकच रांग. पहिला पर्याय की दुसरा हे एकमेकांना कळवायचा असा पक्का बंदोबस्त त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांच्या जागी कोणीही असतं तर त्याला हेच वाटलं असतं, हे सर्जेरावांना बघताक्षणी कळलं. तो शेवटचा टप्पा त्यांनी घेतला नव्हता, आणि त्याची फळं भोगायला ही पोरगी इथे उभी होती.

त्यांनी सगळं सांगितलं. एसटी, शिट्टी, लेझीम, बोटं. सांगता सांगता त्यांनाच ते थापा मारल्यासारखं वाटायला लागलं. बाई वयस्क होत्या, करड्या चेहऱ्याच्या. सर्जेरावांचं झाल्यावर त्या शिवकन्याकडे वळल्या. खरंच येत असेल तर ठोके न देता बोलून दाखव, म्हणाल्या, हात मागे बांध आणि तुझं काय म्हणणं आहे ते मला इंग्रजीत सांग. पुस्तकातलं नको.

शिवकन्याने हात मागे बांधले. तिची नजर सर्जेरावांकडे गेली. त्यांना नुसती मान हलवायची असती तरी हलवता आली असती, पण त्यांनी स्वतःला आवरलं आणि भिंतीकडे पाहिलं. खोलीत पंखा करकरत होता. तिच्या बोटांची मागे चुळबुळ चालली होती, ती थांबली. वर्षभराची मेहनत गेली असं सर्जेरावांनी मनाशी धरलं, आणि तेवढ्यात ती बोलली.

"मॅडम, आय वॉज रायटिंग. सर टोल्ड मी टू स्टॉप." हे म्हणताना तिने पर्यवेक्षकांकडे पाहिलं. "आय डोन्ट वॉन्ट टू स्टॉप रायटिंग."

हे वाक्य कुठल्या धड्यात नव्हतं. मैदानात कोणी ते तिच्याकडून घोकून घेतलं नव्हतं. तिला जे म्हणायचं होतं ते तिने इंग्रजीत म्हटलं होतं. सर्जेरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. बाईंनी पर्यवेक्षकांकडे पाहिलं, उत्तरपत्रिका उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जा, लिही. मोकळा हात आता बाकावर सपाट ठेव."

पोरगी पळतच गेली. गेलेला वेळ काही परत मिळाला नाही, शेवटचा एक प्रश्न तिचा राहूनच गेला. सर्जेराव बाहेर येऊन पुन्हा लिंबाखाली बसले.

जूनमध्ये निकाल लागला. दहावीची बरीचशी पोरं इंग्रजीत निघाली होती, काही नेहमीप्रमाणे अडकली होती. शिवकन्या इंग्रजीत पास झाली होती आणि गणितात नापास. सर्जेरावांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. इतकं सगळं करून पोरगी शेवटी घरीच बसणार, असं म्हणत ते घरी आले आणि कोपऱ्यात पाय पसरून बसून राहिले.

संध्याकाळी कारभारी दारात उभे. मागे शिवकन्या. सर्जेरावांना वाटलं, हे आता मला ऐकवायला आले. त्यांनी बसायला घोंगडी टाकली, दुर्गाबाईंनी चहा टाकला, आणि बराच वेळ पेरणी आणि पावसाचंच बोलणं झालं.

"ऑक्टोबरला बसवतो पोरीला पुन्हा," कारभारी शेवटी म्हणाले. "गनित काय, आमच्या थोरल्यालाबी आल्तं. इंग्रजी न्हाई आल्ती त्येला. ही इंग्रजीतून निघाली, मंग गनिताचं काय घेऊन बसलाव. कॉलेजात जाती ती."

शिवकन्या दाराच्या चौकटीला टेकून हसत होती. तिने हे घरीच ऐकलं असणार. सर्जेरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. कारभारींनी बशीतला चहा संपवला, बशी उपडी घातली, पण उठले नाहीत.

"आन् धाकटी औंदा आठवीत येऊन राह्यली," ते म्हणाले. "तिला इंग्रजी तुम्ही शिकवायची."

सर्जेराव म्हणाले की नवे सर या महिन्यात येणार आहेत, इंग्रजीत एमए झालेले, आता आपली काही गरज नाही. आपण खेळाचे शिक्षक.

"शाळेचं शाळा बघंल," कारभारी म्हणाले. "एमएवाल्यांनी बाकीच्यांला शिकवावं. माझ्या पोरीला तुम्ही."

ज्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई त्या सर्जेरावांना त्या वेळी हो म्हणायलाही आवाज फुटला नाही. त्यांच्या वतीने दुर्गाबाईच म्हणाल्या, पाठवा की, धाडून द्या उद्याच.

पुढे २००४ साली निवृत्त होईपर्यंत आठवीची इंग्रजी सर्जेरावांकडेच राहिली. शिवकन्या ऑक्टोबरला गणितात निघाली, परतुरात शिकली, आणि पुढे अंकुशनगरच्या शाळेत लहान मुलांना शिकवू लागली. पण हे सगळं नंतरचं. त्या जूनमध्ये, कारभारी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधीच सर्जेराव बद्रीनाथ सरांच्या खोलीत गेले. अंगात धुवून इस्त्री केलेला सदरा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून इंग्रजीचा वर्ग मागितला.